भेट झाल्याची नोंद आहे

20 डिसेंबर 1944. नाताळ चार-पाच दिवसांवर आलेला. वेल्समधल्या न्यूपोर्ट नगरपालिकेच्या शिक्षण खात्यातली एक कारकून इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात मिन्स्टर्लीजवळच्या एका आडबाजूच्या शेतघरी पोचली. नगरपालिकेने सांभाळायला दिलेल्या दोन भावांना बघायला ती आली होती. धाकटा टेरेन्स दहा वर्षांचा, थोरला डेनिस ओनील तेराव्या वर्षात. डेनिस आजारी आणि घाबरलेला आहे हे तिच्या ध्यानात आलं. डॉक्टरला दाखवा असं तिने त्या घरातल्या बाईला सांगितलं आणि मुलांना तातडीने तिथून हलवावं असं कार्यालयाला लिहून दिलं.

मुलांना कोणी हलवलं नाही. 9 जानेवारी 1945 रोजी डेनिस मेला. छातीवर मार बसलेला होता, पाठीवर काठीचे मार होते, पायांवर जखमा होत्या, आणि अंग म्हणजे हाडांचा सापळा झाला होता. भूक असह्य झाली की मुलं गोठ्यात जाऊन गायीच्या सडाला तोंड लावून दूध प्यायची, हे पुढे खटल्यात बाहेर आलं. साक्ष धाकट्या भावाने दिली. सांभाळणाऱ्या पुरुषाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षं आणि त्याच्या बायकोला हेळसांडीसाठी सहा महिने शिक्षा झाली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त छळते ती 20 डिसेंबर ही तारीख. कोणी बघायलाच गेलं नव्हतं, असं इथे म्हणता येत नाही. एक बाई गेली होती. तिने पाहिलं, ओळखलं आणि लिहिलं. मूल वाचवायला जे ठाऊक असायला हवं ते सगळं वीस दिवस आधी कागदावर उतरलेलं होतं.

सर वॉल्टर मंक्टन यांच्या चौकशीत जे बाहेर आलं त्यातलं बरंचसं आपल्याकडे कोणत्याही सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसाला ऐकताक्षणी ओळखू येईल. मुलं न्यूपोर्टच्या ताब्यातली, घर श्रॉपशरच्या हद्दीतलं. न्यूपोर्टला वाटत होतं की जवळ आहेत तेव्हा श्रॉपशरवाले लक्ष ठेवतील. श्रॉपशरला वाटत होतं की मुलं ज्यांची त्यांनी बघावं. घराची आणि त्या जोडप्याची नीट चौकशी मुलं ठेवण्यापूर्वी झालीच नव्हती. पुढे कर्टिस समितीचा अहवाल आला, त्यातून 1948 चा बालक कायदा झाला आणि प्रत्येक स्थानिक संस्थेला मुलांसाठी वेगळं खातं आणि वेगळा अधिकारी नेमावा लागला. एका मुलाच्या मृत्यूने ब्रिटनची व्यवस्था बदलली, असं हे प्रकरण नेहमी सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण ऐंशी वर्षांनंतर ते पुन्हा वाचताना मला वाटतं, खातं झालं, अधिकारी आले, नमुने छापले गेले. पाहणं आणि हलवणं यांच्यातलं ते वीस दिवसांचं अंतर मात्र कुठल्याच कायद्याने नीट बुजवलेलं नाही.

सरकार एखादं मूल आईबापांकडून काढून दुसऱ्या घरात ठेवतं, तेव्हा जगाला ते ठणकावून सांगत असतं की या मुलाचं भलं आम्हाला त्याच्या आईपेक्षा जास्त कळतं. असं सांगणाऱ्यावर आईपेक्षा मोठी जबाबदारी येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये डिशेनी खटल्यात निकाल दिला की स्वतःच्या बापाच्या घरी मार खाणाऱ्या मुलाला वाचवण्याचं घटनात्मक बंधन सरकारवर नाही; बालकल्याण खात्याची केसवर्कर, म्हणजे मुलांची पाहणी करणारी कर्मचारी, वारंवार त्या घरी जाऊन संशय टिपून ठेवत होती तरीही नाही. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. मला तो कठोर वाटतो. पण त्याच निकालाने एक दार किलकिलं ठेवलं होतं: सरकारनेच मुलाला ताब्यात घेऊन दुसऱ्या घरात ठेवलं असतं, तर गोष्ट वेगळी असती. म्हणजे इतक्या कोरड्या कायद्यालाही हे कळतं की ताबा घेतला की अंग काढून घेता येत नाही.

मग ताबा घेतलेल्या मुलांचं काय होतं?

फ्लोरिडातल्या मायामीची रिल्या विल्सन ही चार वर्षांची मुलगी. आईकडून काढून तिला एका बाईच्या घरी ठेवलेलं होतं. केसवर्करने महिन्यातून एकदा जाऊन मुलीला प्रत्यक्ष बघावं, असा नियम होता. एप्रिल 2002 मध्ये नवीन केसवर्कर आली तेव्हा कळलं की मुलगी त्या घरात नाही, आणि जानेवारी 2001 पासूनच नाही. पंधरा महिने! सांभाळणारी बाई म्हणाली की तुमच्याच खात्याचं कोणीतरी तपासणीसाठी घेऊन गेलं होतं. या पंधरा महिन्यांत आधीच्या केसवर्करच्या कागदांवर आणि न्यायालयापुढे मुलगी व्यवस्थित होती. जे मूल घरातच नाही, ते ठीक असल्याचे अहवाल जात होते. रिल्याचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. त्या बाईला अपहरण आणि छळासाठी 2013 मध्ये 55 वर्षांची शिक्षा झाली. खुनाच्या आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही.

ती केसवर्कर गुन्हेगार होती म्हणून हे घडलं, एवढ्यावर मी थांबू शकत नाही. पंधरा महिने खोटं चाललं, कारण त्या खोट्याला धडकेल असं दुसरं काहीच त्या व्यवस्थेत नव्हतं. वरिष्ठाने अहवाल मोजले. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले. मूल समोर आणा, असं कोणी म्हणालं नाही. फ्लोरिडाने नंतर खोट्या नोंदींसाठी फौजदारी शिक्षा आणली, खात्याच्या ताब्यातलं मूल पाळणाघरात आलं नाही तर तिथल्या बायांनी कळवलंच पाहिजे असा कायदा रिल्याच्याच नावाने केला, आणि खात्याच्या प्रमुखांनी, ज्या स्वतः आधी न्यायाधीश होत्या, ऑगस्ट 2002 मध्ये राजीनामा दिला. यातला पाळणाघराचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. मुलाकडे रोज बघणारा एक परका डोळा त्याने उभा केला, आणि त्या डोळ्याला अहवाल भरायची गरजही नव्हती.

आता याच्या थोडं मागे जायला हवं, कारण तिथे एक अडचणीची गोष्ट आहे. 1998 मध्ये फ्लोरिडातच एका सहा वर्षांच्या मुलीला तिच्या बापाने मारून टाकलं होतं. तिच्याविषयी तक्रारी झालेल्या असूनही तिला घरी ठेवलं, म्हणून राज्यभर संताप उसळला. पुढच्या वर्षी कायदा कडक झाला आणि संशय आला की मूल उचला असं वारं सुटलं. ताब्यातली मुलं भराभर वाढली, केसवर्कर तेवढ्या वाढल्या नाहीत. एका मुलाच्या मृत्यूवर आपला संताप जो उपाय मागतो, तोच उपाय पुढच्या मुलाकडे बघायला माणूस शिल्लक ठेवत नाही. अमेरिकेतल्या बालकल्याणाच्या जाणकारांनी ठरवलेलं प्रमाण असं की एका केसवर्करकडे बारा ते पंधरा मुलं असावीत. टेक्सासमध्ये 2011 मध्ये दाखल झालेल्या खटल्याचा निकाल देताना न्यायाधीश जॅनिस जॅक यांनी डिसेंबर 2015 मध्ये लिहिलं की मुलं राज्याच्या ताब्यात येताना जेवढी मोडलेली असतात त्याहून जास्त मोडून बाहेर पडतात. केसवर्करच्या डोक्यावरचा मुलांचा भार हा त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता.

म्हणून केसवर्करला तुरुंगात टाका, ही घोषणा मला पुरी पटत नाही. जिने न केलेली भेट केली म्हणून लिहिलं, तिला शिक्षा व्हायलाच हवी. तिथे माझ्या मनात दुमत नाही. पण जिने खरोखर धावपळ केली आणि तरीही जिचा अंदाज चुकला, तिला तोच न्याय लावला तर उद्या हे काम करायला येणार कोण? लॉस एंजेलिस परगण्यात 2013 साली आईच्या घरी एका आठ वर्षांच्या मुलाचा छळ होऊन मृत्यू झाला. त्याचं प्रकरण हाताळणाऱ्या खात्याच्या चार कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटले भरले गेले आणि 2020 मध्ये वरच्या न्यायालयाने ते रद्द केले. त्या मुलासाठी माझा जीव तुटतो, आणि तरीही मला वाटतं की असल्या खटल्यांनी पुढची भेट एक दिवसही लवकर होत नाही. भीतीपोटी केलेल्या भेटीत माणूस मुलापेक्षा स्वतःच्या फाइलकडे जास्त बघतो.

आणखी एक घर. अमेरिकेच्याच मेन राज्यातलं. लोगन मार या पाच वर्षांच्या मुलीला खात्याने जिच्या घरी ठेवलं, ती बाई काही दिवसांपूर्वीपर्यंत त्याच खात्यात केसवर्कर होती. नवीन, नीटनेटकं घर. लोगनला दत्तक घ्यायचा विचार. 31 जानेवारी 2001 रोजी त्या घराच्या तळघरात लोगन गुदमरून मेली. तिला खुर्चीला चिकटपट्टीने बांधलेलं होतं. तिच्या केसवर्करने दर तीन महिन्यांनी करायची भेट केलेली नव्हती. आईच्या देखरेखीतल्या भेटीत त्या पोरीने सांगितलंही होतं की ती बाई मला दुखावते, आणि ते ऐकायला खात्याचं माणूस तिथे हजर होतं.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणू, आणि ते खरंच आहे. पण खातं गाफील का राहिलं हे जास्त बघण्यासारखं आहे. आपल्यातलीच आहे, सुशिक्षित आहे, तिला सगळे नियम तोंडपाठ आहेत, मग तिच्या घरी काय जायचं! जिथे विश्वास जास्त, तिथे पायपीट कमी. मेनने यातून धडा घेतला आणि परक्यांपेक्षा नातेवाइकांकडे मुलं ठेवण्यावर भर दिला. मला तो योग्यच वाटतो. मुलाला ओळखीचा आवाज, ओळखीचं जेवण मिळतं. पण डिसेंबर 2017 मध्ये त्याच राज्यात चार वर्षांची एक मुलगी मारली गेली. तिला खात्यानेच आजोबांच्या घरी ठेवलं होतं, आणि मारणारी आजोबांची होणारी बायको होती. तिला खुनासाठी 50 वर्षांची शिक्षा झाली. घर नात्यातलं होतं.

आकडे न्यायाने सांगायचे तर अमेरिकेत छळाने आणि हेळसांडीने वर्षाला दोन हजारांच्या आसपास मुलं मरतात आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्या आईबापांच्या हातून. प्रतिपालकांच्या, म्हणजे सरकारने मूल सांभाळायला दिलेल्या कुटुंबांच्या, घरी होणारे मृत्यू त्यात फार थोडे. 2023 मध्ये तिथे 3 लाख 40 हजारांच्या आसपास मुलं प्रतिपालकत्वात होती आणि त्यांना सांभाळणारी कितीतरी माणसं दुसऱ्याचं दुखावलेलं लेकरू रात्रभर उशाशी घेऊन जागतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण थोडे म्हणून हे मृत्यू हलके होत नाहीत. आईबाप मारतात तेव्हा सरकार म्हणू शकतं की आम्हाला कळलं नाही. इथे ते घर सरकारनेच निवडलेलं असतं.

हे सगळं मराठीत कशासाठी लिहायचं, असं कोणाला वाटेल. कारण आपण त्याच वाटेवर आहोत, आणि वाट चांगली आहे. मोठ्या बालगृहापेक्षा घर बरं, हे आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्याने मान्य केलं. त्याच्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिची रक्कम आता महिन्याला 2250 रुपये आहे, आणि कोरोनात आईबाप गेलेली कितीतरी मुलं आज तिच्या आधाराने मामा, मावशी, काका, आजीकडे वाढत आहेत.

कायदा हेही म्हणतो की बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला तपासणी करावी. वाक्य सुंदर आहे. आता त्या समितीकडे बघा. एक अध्यक्ष, चार सदस्य. महिन्यातले किमान वीस दिवस त्यांनी बैठकीला बसायचं: हरवलेली मुलं, पळून आलेल्या मुली, बालविवाह, सोडून दिलेली तान्ही बाळं. पूर्ण जिल्हा त्यांच्याकडे. खालचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं, आणि तिथे संस्थाबाह्य काळजीसाठी संरक्षण अधिकारी एक. कक्षातली माणसं बहुतेक कंत्राटी. उरलेल्या गृहभेटी स्वयंसेवी संस्थांनी करायच्या. तालुक्याच्या टोकाला असलेल्या वाडीवर दर महिन्याला कोण, कशाने आणि कोणाच्या खर्चाने जाणार, याचं उत्तर त्या सुंदर वाक्यात नाही.

आणि संस्थेकडे काम सोपवलं म्हणजे सुटलो, असंही नाही. फिलाडेल्फिया शहराने अशाच एका खाजगी संस्थेला गृहभेटींचं कंत्राट दिलं होतं. 2006 मध्ये एक अपंग चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या आईच्या घरी उपासमारीने मेली, तेव्हा तिचं वजन जेमतेम 19 किलो होतं. तिच्या मृत्यूनंतर संस्थेच्या लोकांनी बसून भेटींचे खोटे कागद तयार केले. त्यांना शिक्षा झाल्या. तिथेही भेट झाल्याची नोंद होती.

मी स्वतः काही वर्षं मराठवाड्यात एका संस्थेबरोबर गृहभेटींना जात होते, म्हणून थोडं हक्काने बोलते. गृहभेटीचा नमुना भरायला वीस मिनिटं पुरतात. घर पक्कं की कच्चं, शौचालय आहे का, मूल शाळेत जातं का, बँक पासबुक बघितलं का, पालकाची सही, भेट देणाऱ्याची सही. यातला एकही रकाना मुलाने भरायचा नाही. आम्ही गेलो की चहा येतो, मूल धुतलेले कपडे घालून समोर उभं केलं जातं. त्याला विचारायचं, "काय रे, नीट आहेस ना?" आणि ते उत्तर देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाकडे बघतं. ते जे बघणं आहे ना, त्याला नमुन्यात जागा नाही.

माझ्याबरोबर वयाने मोठ्या एक ताई असायच्या. त्यांची एक रीत होती. चहा झाला की म्हणायच्या, "मला जरा पाणी दाखव गं, तुमच्या हापशीचं पाणी गोड आहे म्हणतात." आणि मुलीचा हात धरून बाहेर जायच्या. मी सुरुवातीला समजायचे की त्यांना खरोखरच तहान लागते. हापशीवर त्या काहीच विचारायच्या नाहीत. हापसायला लागायच्या, मुलीला कळशी धरायला सांगायच्या. बाही वर सरकते तेव्हा हात दिसतो. वाकल्यावर मान दिसते. आणि कधीकधी, पाण्याच्या आवाजात, मूल बोलतं.

मला जे म्हणायचं आहे ते या हापशीवरच आहे. भेट म्हणजे मुलाशी घरच्यांच्या नजरेआड झालेलं बोलणं. ते झालं नसेल तर नमुन्यावर "भेट झाली नाही" असंच लिहिलं जावं आणि तसं लिहिल्याबद्दल कोणी कार्यकर्तीला झापू नये. वरिष्ठाने महिन्याच्या भेटींची संख्या मोजण्याऐवजी त्यातल्या चार घरी न सांगता स्वतः जावं. शाळेतले गुरुजी, अंगणवाडी सेविका, आशाताई यांना ठाऊक असावं की वर्गातलं हे मूल सरकारच्या जबाबदारीवर त्या घरात आहे आणि ते दोन दिवस दिसलं नाही तर कोणाला फोन करायचा. मुलांसाठी 1098 हा मदतीचा फोन नंबर आहे, पण ज्या घरात फोन मोठ्यांच्या खिशात असतो तिथल्या सात वर्षांच्या पोरीला तो नंबर सांगून आपण आपलंच समाधान करतो. नात्यातलं घर असलं तरी सूट नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या बाईने पाहिलं तिला त्याच दिवशी मूल घेऊन निघता आलं पाहिजे. मुलाला काळजी आणि संरक्षण हवं असेल तर चोवीस तासांत समितीपुढे हजर करा असं आपला कायदा सांगतो. म्हणजे अधिकार कागदावर आहे. नसतं ते गाडी, रात्री मूल ठेवायला जागा, आणि "तुम्ही बरोबर केलंत, बाकी मी बघतो" असं फोनवर म्हणणारा वरिष्ठ.

एका भेटीत हापशीवरून परत आल्यावर ताई पुन्हा बसल्या नाहीत. मुलीची सख्खी काकू होती, घरात कशाची कमतरता नव्हती, आधीच्या तीन अहवालांत सगळं समाधानकारक होतं. त्यातल्या एकावर सही माझी होती. ताईंनी कार्यालयात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की गाडी आज दुसरीकडे गेली आहे, अहवाल पाठवा, पुढच्या आठवड्यात बघू. ताई काकूला म्हणाल्या, "हिला तालुक्याला दवाखान्यात दाखवायचंय," आणि मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं. गावच्या फाट्यावर आम्ही तिघी सव्वा तास उभ्या होतो. काका मोटारसायकलवर मागून येईल, या भीतीने मी सारखी वळून रस्त्याकडे बघत होते. शेवटची एसटी आली. ताईंनी दोन पूर्ण आणि एक अर्धं तिकीट घेतलं, मुलीला खिडकीशी बसवलं आणि समितीच्या अध्यक्षांचा नंबर लावला.